शिसं धरून बसलेली माती

पाय जरा जपून टाका. तुम्ही उभे आहात ती मीच. एका बैठ्या घराच्या मागची, परसातली माती. लांबी वीस पावलं, रुंदी बारा. खोली विचाराल तर हातभर खाली कडक चिकणमातीचा थर लागतो, त्याच्याखालचा कारभार माझ्या अखत्यारीत येत नाही.

मातीला काय सांगण्यासारखं असणार, असं तुमच्या मनात आलं असेल तर येऊ द्या. मला राग नाही. पण मला एक खोड आहे, चौकशीची. चपलांच्या तळव्यांना चिकटून मी घरात जाते, नखांत बसून ताटापर्यंत पोचते, आणि केरसुणीबरोबर परत बाहेर येते. त्यामुळे कोण कुणाशी बोलत नाही, कुणाची झोप उडाली आहे, सगळं मला कळतं. एवढ्या लांब नाकाच्या मला माझ्याच पोटात काय आहे, हे मात्र चाळीस वर्षं कळलं नाही.

मी मूळची दगड. उन्हापावसानं माझा भुगा व्हायला किती काळ लागला ते मी मोजलेलं नाही. पुढे एका पुरानं मला इथे आणून टाकलं आणि मी बूड टेकलं. स्वभाव म्हणाल तर चिकट. जे येईल ते धरून ठेवायचं: पाणी, शेणखत, झाडाची मुळं, कुणाच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण. धरलेलं सोडायचं कसं, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.

चाळीस वर्षांपूर्वी हे घर बॅटरीकाकांनी घेतलं. तेव्हा ते कुणाचे काका नव्हते, नुकतं लग्न झालेला तरुण गडी होता. गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचा धंदा. ज्या बॅटऱ्या अगदीच गेलेल्या, त्या माझ्या अंगावर आणून हातोड्यानं फोडायच्या, आतलं आम्ल भिंतीकडेला ओतायचं, शिशाच्या प्लेटा उपसून लोखंडी कढईत वितळवायच्या. वर काळी साय यायची, ती पळीनं काढून बाजूला भिरकावायची. ती पडायची माझ्यावर. आम्ल झोंबायचं तेवढं मला जाणवलं. पण ती करडी भुकटी शांतपणे आली, थरावर थर बसत गेली, आणि मी आपल्या सवयीनं तिला धरून ठेवलं.

काका बेफिकीर होते असं मात्र म्हणू नका. उलट फार काटेकोर. रोज सकाळी दुकानातल्या बॅटऱ्यांची बुचं उघडून प्रत्येक खणात डोकावायचं, आणि जिथे पाण्याची लेव्हल उतरली असेल तिथे वाकड्या तोटीच्या पांढऱ्या कॅनमधून डिस्टिल्ड वॉटर भरायचं. ही सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली की पाहुण्याचा पेला अर्धा झाला तरी ते न विचारता भरायचे. काकू होत्या तोवर हसायच्या. म्हणायच्या, ह्यांना समुद्रावर नेऊ नका, ओहोटी बघून कासावीस होतील.

पुढे तोंड बंद असलेल्या बॅटऱ्या आल्या. त्यांत डोकावायचीही सोय नाही आणि भरायचीही नाही. धंदा बसला, काकूही गेल्या. काकांनी कढई मोडीत काढली, परस सारखं केलं, कडेनं फुलझाडं लावली. कॅन तेवढा ठेवून दिला. मुलगा सामान पोचवायची व्हॅन चालवायला लागला, सून घरी शिलाईकाम करायची, आणि त्यांना झालेली मुलगी सदानकदा माझ्यात बसलेली असायची म्हणून तिचं नाव पडलं मुंगी.

मुंगी मला खायची.

खरं सांगते, मला बरं वाटायचं. इतकी वर्षं लोकांनी मला तुडवलं, झाडलं, धुऊन काढलं. ही पहिलीच, जिला मी आवडले. आई शिलाई मशीनवरून उठून यायच्या आत चिमूटभर तोंडात टाकायची आणि ओठ मिटून साळसूदपणे बसायची. मी तिच्या बाजूनं होते. आमचं ते गुपित होतं.

अडीच वर्षांची झाली आणि मुंगी सुकायला लागली. पोट दुखतं म्हणून कळवळायची. चेहरा पांढुरका पडला. आणि तिला येत असलेले शब्द जायला लागले. खिडकी म्हणायची, टोपी म्हणायची, मशीनला टकटक म्हणायची. एकेक करत सगळं बंद झालं. नुसतं बोट दाखवायची, आणि नाही कळलं की रडायची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही काय काय खाते? सुनेनं ओशाळून माझं नाव घेतलं. तपासलं तेव्हा तिच्या रक्तात शिसं निघालं, तेही दवाखान्यात ठेवून औषध द्यावं लागेल इतकं.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितलं ते मुलानं परसात उभं राहून काकांना जसंच्या तसं ऐकवलं. औषधानं आम्ही रक्तातलं काढू. पण ती परत त्याच मातीत बसणार असेल, तर आमचं काढणं आणि तुमचं घालणं चालूच राहील.

म्हणून दवाखान्यातून मुंगी घरी आलीच नाही. आईबरोबर शहराच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे गेली. माझा निकाल लागेपर्यंत तिनं घरात पाऊल टाकायचं नाही, असं ठरलं. शिलाई मशीनही गेली. घरात दोन पुरुष उरले, तेही एकमेकांशी न बोलणारे. आणि मी. मला जीव असता तर त्या दिवशी तो दिला असता. जिला मी आवडले तिलाच मी बाधले.

मग एक दिवस मॅडम आल्या. मातीवाल्या मॅडम, असं गल्ली त्यांना म्हणू लागली. प्रयोगशाळेतल्या, डॉक्टरीणबाईंनी कळवल्यावर आलेल्या. पायात गमबूट, हातात पोलादी नळी. ती नळी त्यांनी नऊ ठिकाणी माझ्यात घुसवली, बाहेर आलेली माती बोटांवर चोळली, नाकाशी नेली. आयुष्यात पहिल्यांदा कुणी तरी माझी चौकशी करत होतं. माझी मूठमूठ पिशव्यांत भरून त्यांनी प्रयोगशाळेत नेली. तिथे मी पाहिलं की आपल्यासारख्या पुष्कळ आहेत, कपाटभर, प्रत्येकीला नंबर. मी नमुना क्रमांक चार ते बारा. उत्तर आलं ते असं: वरच्या वीतभर थरात सगळीकडे शिसं, भिंतीकडेला सर्वांत जास्त.

मुलाचं म्हणणं सरळ होतं. ट्रक बोलवायचा, सगळी माती उचलायची आणि शहराबाहेर नेऊन ओतायची. मॅडमनी विचारलं, कुठे? तो म्हणाला, कुठेही, लांब.

"तिथेही कुणाची तरी मुंगी असेलच," मॅडम म्हणाल्या.

ट्रकचा विषय त्यानं पुन्हा काढला नाही.

काका पायरीवर बसून ऐकत होते. त्यांनी विचारलं, चाळीस पावसाळ्यांत हे धुऊन कसं गेलं नाही? मॅडम म्हणाल्या, पाण्यानं जात नाही, कारण माती त्याला सोडत नाही. तिच्या हातातून काढून घ्यायला तिच्यापेक्षा घट्ट धरणारं कुणीतरी लागतं. त्यांनी पिशवीतून पांढरी पावडर काढली. ही पाण्यात विरघळते आणि तिचा एकेक कण शिशाला चारी बाजूंनी पकडतो, खेकडा नांग्यांनी पकडतो तसा. मग शिसं मातीचं राहत नाही, पाण्याबरोबर चालू पडतं. शास्त्रात तिला कीलेटिंग द्रव्य म्हणतात. मुलानं तिथल्या तिथे तिचं नाव खेकडा पावडर ठेवलं आणि तेच चाललं.

आणि बरं का, मुंगीला दवाखान्यात दिलेलं औषध याच घराण्यातलं, असंही त्या सहज बोलून गेल्या. तिच्या रक्तातही असेच खेकडे सोडले होते. हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. तिला दुखलं असेल का? त्या नांग्यांना शिसं कुठलं आणि बाकीचं कुठलं हे कळतं का? माझा आवाज कुणाला ऐकू जात नाही, पण काकांनी नेमकं तेच विचारलं. मॅडमनी सांगितलं की पूर्ण कळत नाही. शिसं घट्ट धरतात, पण जाता जाता लोखंड, जस्त, कॅल्शियमही थोडं घेऊन जातात. म्हणून मापात द्यायचं, आणि नंतर मातीला खाऊपिऊ घालायचं. आजारी माणसासारखंच.

त्यांचा पहिला बेत खोदाईचा नव्हता. जाजम उचलून नदीवर नेण्यापेक्षा जागच्या जागी धुवावं, असं काहीसं. पावडरीचं पाणी मापानं माझ्यावरच शिंपायचं, वर शिसं शोषून घेणारी रोपं लावायची, ती कापून न्यायची. कमी खर्चाचं आणि कमी त्रासाचं. पण आधी चाचणी. माझ्यातली माती भरून त्यांनी परसात तीन टब मांडले. बुडाला भोकं, खाली ट्रे. एकात नुसतं पाणी, दुसऱ्यात थोडी पावडर, तिसऱ्यात जास्त. चार आठवडे कुणी हात लावायचा नाही, असं तीनदा बजावून त्या गेल्या.

टबातला माझा अनुभव सांगते, कारण तो पुन्हा कुणाला विचारता येणार नाही. पाणी आलं तेव्हा मी नेहमीसारखी फुगले. मग त्या पाण्यातून कुणीतरी माझ्या प्रत्येक कणाची बोटं चाचपू लागलं. घाई नाही, जबरदस्ती नाही. एकेक बोट सोडवून शिशाचा एकेक कण उचलला जायचा आणि मला हलकं वाटायचं. इतकी वर्षं मी काय धरून बसले होते ते सुटल्यावर कळलं. आणि गंमत म्हणजे, सोडणं अजिबात अवघड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुसऱ्या टबाचा वरचा थर वाळला. बारीक भेगा पडल्या. काका सकाळी चहाचा कप घेऊन बाहेर आले, टबात डोकावले आणि तसेच उभे राहिले. मी त्यांना ओळखते. लेव्हल उतरलेली त्यांना सहन होत नाही. ते आत गेले आणि कॅन घेऊन आले. साधं पाणीसुद्धा नाही, डिस्टिल्ड वॉटर, अगदी शुद्ध. त्यांना वाटलं, याच्यानं काय बिघडणार? हलक्या हातानं काठापर्यंत भरलं. दुसऱ्या दिवशीही. रोज. कितीतरी वर्षांनी पुन्हा कसली तरी लेव्हल राखायला मिळाली होती त्यांना. चेहऱ्यावर मुंगी गेल्यापासून न दिसलेलं समाधान होतं.

आठव्या दिवशी ट्रे भरून वाहायला लागला. पाणी फरशीच्या कडेनं उतरलं, माझ्यात जिरलं आणि हातपंपाच्या दिशेनं निघालं. तो पंप परसाच्या कोपऱ्यात आहे, तीन घरं त्याचं पाणी पितात. जमिनीत पसरलेली जी मी, तिनं पाहिलं: माझ्या अंगावरून शिसं चाललं होतं, नांग्यांत पकडलेलं, आणि मला ते धरता येत नव्हतं. जन्मभर सगळं धरून ठेवणारी मी. मला ओरडायचं होतं. पण मातीला ते जमत नाही, ती फार तर ओली दिसते.

पंधराव्या दिवशी मॅडम मधली पाहणी करायला आल्या. दुसऱ्या टबाचा ट्रे बघून थबकल्या. त्यांनी घातलं त्यापेक्षा जास्त पाणी होतं. आभाळाकडे पाहिलं, पाऊस नव्हता. मुलाला विचारलं, तो म्हणाला आम्ही कुणी हातही लावला नाही. पाणी उडून कमी होतं, आपोआप वाढत नाही, असं त्या स्वतःशीच पुटपुटत राहिल्या. टब फुटका असेल का, म्हणून उलटा करून बघायला वाकल्या.

काका पायरीवर होते. कॅन त्यांच्या पायांमागे. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. टब बदलला असता, चाचणी नव्यानं लागली असती, आणि पंपावर बादल्या भरत राहिल्या असत्या. मी त्यांच्या तळव्यांखालीच होते. त्यांनी कॅन उचलून पायरीवर समोर ठेवला.

"पाणी मी घातलं," काका म्हणाले. "लेव्हल उतरली होती."

मुलाचा संयम सुटला. आधी माती नासवलीत, आता पाणीपण नासवा, असं तो म्हणाला आणि आणखीही बरंच, जे मी चपलेबरोबर घरात जाऊनही कधी ऐकलं नव्हतं. मॅडमनी तिकडे लक्षच दिलं नाही. त्या फरशीवरच्या ओल्या वाटेकडे बघत होत्या. रोज किती घातलं, किती दिवस, असं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, पंप आत्ता बंद करा.

त्यांनी पंपाचं पाणी तपासायला नेलं, माझ्यात पुन्हा नळ्या घातल्या. शिसं जेमतेम हातभर खाली उतरलं होतं, चिकणमातीच्या थरानं त्याला अडवून धरलं होतं, पाणी वाचलं होतं. तरी खबरदारी म्हणून पंप दोन महिने बंद. शेजारीण भांडायला आली, आणि तिचं काही चुकलं नाही. त्या दोन महिन्यांत तिन्ही घरांचं पाणी काकांनी रस्त्यावरच्या नळावरून स्वतः वाहून आणलं. एकाही बादलीची लेव्हल उतरलेली नसायची.

निकाल घेऊन मॅडम आल्या त्या दिवशी काकांनी त्यांच्यासमोर हात जोडले. मॅडम त्यांच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"काका, तुमच्या हातून एका टबाचं झालं. पहिल्या मोठ्या पावसात माझ्या हातून अख्ख्या परसाचं झालं असतं."

म्हणजे त्यांनी आपला बेत रद्द केला होता. सुटलेलं शिसं जमिनीत मोकळं फिरू द्यायचंच नाही. ओल्या वाटेसकट माती उचलायची, बंद पिंपात धुवायची, आणि इथेच परत पसरायची.

मग काकांनी तो प्रश्न विचारला. कितीतरी दिवस तो त्यांच्या मनात असणार. मुलगा लहानपणी इथेच खेळायचा, कढई पेटलेली असताना. त्याला पाढे येत नसत. चिडचिडा होता, एका जागी बसत नसे. "मी त्याला मारायचो हो. वाटायचं मुद्दाम करतोय. ते पण ह्याच्यानंच का?"

मॅडमनी धीर देण्यासाठी खोटं सांगितलं नाही. असू शकेल, म्हणाल्या. आता कुणालाच सांगता येणार नाही.

मुलगा दारात उभा होता. त्यानं सगळं ऐकलं आणि तो आत निघून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॅन जागची हलली नाही. तो फावडं घेऊन परसात आला आणि काकांच्या शेजारी उभं राहून मला उपसायला लागला. दुपारी त्यानं काकांच्या हातातलं जड घमेलं काढून घेतलं.

मला ताडपत्रीवर पसरलं, चाळलं, पिंपात घातलं. सिमेंट कालवायचं यंत्र असतं तसलं ते पिंप. पावडरीच्या पाण्यात मी तासन्‌तास गरगरले. मग कापडातून दाबून पिळलं, साध्या पाण्यानं धुतलं, पुन्हा पिळलं, पुन्हा धुतलं. निघालेल्या पाण्यात चुना घालून शिसं वेगळं काढलं, आणि आम्ल घालून पावडर परत मिळवली, पुढच्या खेपेला वापरायला. पावडरीच्या पाण्याच्या टाकीची लेव्हल बघायचं काम मॅडमनी काकांना दिलं. फक्त बघायची, भरायची नाही, असं खडूनं टाकीवर लिहूनही ठेवलं. काका दिवसभर ते वाचत बसायचे. शेवटी सगळं शिसं चुन्यासकट झाकणाच्या ड्रमांत बंद झालं आणि ते नीट हाताळणाऱ्या कारखान्यात गेलं. एका घराची झोप उडवणारं ते सगळं व्हॅनच्या एका फेरीत मावलं. मला जरा हसूच आलं.

परत पसरली तेव्हा मी फिकट आणि दुबळी होते. गांडुळं नाहीत, वास नाही. मॅडमनी मला कुजलेलं खत घातलं, थोडी लोखंडाची भुकटी घातली, मागे राहिलेलं जे काही असेल त्याला बांधून ठेवायला. हो, थोडं राहिलंच आहे. सगळं जात नाही, आणि त्यांनी तसं स्वच्छ सांगितलं. पण आता ते मर्यादेच्या आत आहे. वर हिरवळ, कडेला फुलझाडं, आणि दाराशी नवा नळ, हात धुवायला.

मुंगी आठ महिन्यांनी आली. तोवर काका मावशीकडे जायचे ते दारातून बघून यायचे. तिला उचलून घेत नसत. माझे हात, एवढंच म्हणायचे. धुऊन धुऊन त्या हातांना चिरा पडल्या होत्या.

ती माझ्यावर बसली, अगदी जुन्या जागी. मूठ भरली आणि तोंडाशी नेली. आई, बाबा, काका, कुणी श्वास घेईना. मी तर मनातल्या मनात विनवत होते, नको गं बाई. मुंगीनं वास घेतला, नाक मुरडलं आणि मूठ उघडली. मी जन्मात इतकी आनंदानं खाली पडलेली नाही.

मग तिला भिंतीपाशी तो पांढरा कॅन दिसला. दोन्ही हातांनी ओढत आणला आणि एका रोपाच्या मुळाशी ओतायला लागली. ओततच राहिली. रोप बुडायला आलं तेव्हा काका न राहवून जवळ गेले, खाली बसले आणि तिचा हात धरला.

"पुरे. लेव्हल झाली."

मुंगीनं त्यांच्याकडे पाहिलं. आठ महिने मावशीच्या घरात सगळ्यांनी किती खटपट केली होती, एक शब्द म्हणून निघाला नव्हता.

"लेवल," मुंगी म्हणाली.

सुनेनं तोंडावर पदर दाबला. काकांनी मुंगीला त्या चिरा पडलेल्या हातांनी उचललं ते संध्याकाळपर्यंत खाली ठेवलं नाही.

जाता जाता माझं एक मागणं आहे. तुमच्या दाराशी जी माझी बहीण पसरली असेल, तिला एकदा विचारून घ्या, तुझ्या पोटात काय आहे म्हणून. ती आपणहून सांगणार नाही. तिला स्वतःलाच ठाऊक नसेल. माझं म्हणाल तर गांडुळं परत आली आहेत, परवाच दोन मोजली.

आता तुम्ही आत जाल तेव्हा पाय नीट पुसा. मला हल्ली पायपुसण्याच्या पुढे जायची परवानगी नाही. माझी तक्रार नाही. तिथवर ऐकू येतं, आणि मुंगी आज कोणता नवा शब्द बोलली, एवढंच मला कळायला हवं असतं.